दुय्यम वायू की जोडहवा?

ऐरोलीचे एक वाचक दुचाकी दुरुस्ती शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहीत आहेत. 'सेकंडरी एअर इंजेक्शन'ला, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या धुरात वेगळी हवा मिसळण्याच्या सोयीला, त्यांनी 'दुय्यम वायू अंतःक्षेपण' म्हटलंय. चालेल का, असा प्रश्न आहे.

व्याकरणात चालेल, गॅरेजात नाही.

'वायू' आधी काढा. शास्त्राच्या मराठीत वायू म्हणजे गॅस. इथे नळीतून येते ती फिल्टरमधून गाळलेली साधी हवा. (हवा अरबीतून आली म्हणून कुणी नाक मुरडलं, तर 'दुय्यम' तरी कुठे संस्कृत आहे?)

'दुय्यम' जास्त फसवा. ठाण्यात घराची नोंदणी केलेल्याला त्यावरून दुय्यम निबंधक आठवतात, म्हणजे कुणाच्या तरी हाताखालचे. ही हवा कमी दर्जाची नाही. पेट्रोलबरोबर इंजिनात जाते ती पहिली, आणि जळण झाल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडाशी मिळते ती दुसरी. गाडी थंड असताना पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातं, सगळं जळत नाही; कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तसेच सायलेन्सरकडे निघतात. तो धूर तापलेला असतानाच हवा मिळाली, तर राहिलेलं जळण वाटेतच पुरं होऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ उरते. त्या उष्णतेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले घातक वायू बदलून टाकणारा भाग, तोही लवकर तापतो. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस गाठल्याशिवाय तो नीट कामाला लागत नाही. कन्व्हर्टर यायच्या आधीही, १९६६ च्या मॉडेलपासून, कॅलिफोर्नियात विकायच्या गाड्यांवर असे हवेचे पंप बसू लागले होते.

'अंतःक्षेपण' म्हणजे आत ढकलणं. पंपवाल्या मोटारीला तो शब्द शोभतो. आपल्याकडच्या दुचाक्यांत मात्र सहसा पंप नसतोच. एक्झॉस्टमध्ये दाबाचे ठोके पडतात. दोन ठोक्यांच्या मध्ये दाब बाहेरच्यापेक्षा उतरला की पाकळीची झडप उघडते, हवा ओढली जाते, दाब चढला की झडप मिटते. ढकलणारं तिथे कुणीच नाही.

मी 'जोडहवा' सुचवेन. जोडधंदा, जोडरस्ता यांत 'जोड'ला कमीपणा नाही, आणि हवा ढकलली की ओढली या वादातही तो शब्द पडत नाही. वाक्यात बसवून बघा: 'जोडहवेची झडप चिकटलीय', 'जोडहवेची नळी फाटली की थ्रॉटल सोडताना सायलेन्सर फटफटतो'. मेकॅनिक 'एसएआय' म्हणतात, तेही शेजारी लिहा, नाहीतर मुलं दुकानात सुटा भाग मागणार कशी?

फक्त 'जोडहवा धूर शुद्ध करते' असं लिहू नका. नायट्रोजनच्या ऑक्साइडांना ती आवरत नाही. उलट तापलेल्या थ्री-वे कन्व्हर्टरमध्ये (कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि हे ऑक्साइड, तिन्ही हाताळणाऱ्या) जादा ऑक्सिजन गेला, तर त्या ऑक्साइडांचा निकाल लागणं अडतं. म्हणून मोटारीतला पंप थंड इंजिन सुरू केल्यावर थोडा वेळच चालतो. 'अर्धवट जळलेलं जाळते' एवढं लिहिलं तरी पुरे.