जुना मिनी ट्रॅक्टर घेताय? आधी त्याची जुनी चाकरी विचारा

प्रश्न : राहायला कोथरूडला आहे. पौडच्या पुढे वडिलोपार्जित पावणेतीन एकर जमीन आहे. एकरभर भातखाचरं, बाकी माळ. त्यावर आंबा, चिकू आणि घरापुरता भाजीपाला. शनिवार-रविवारीच जाणं होतं. १५ ते २५ अश्वशक्तीचा जुना डिझेल मिनी ट्रॅक्टर घ्यावा म्हणतो. ट्रॅक्टर चालवता येतो, पण दुरुस्तीतलं काही कळत नाही. कोणता घ्यावा?

उत्तर : ‘कोणता’ ते थोड्या वेळाने बघू. हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांच्या मोबाईलमध्ये दोन-तीन ट्रॅक्टरचे फोटो असतातच, आणि सगळे बोनेटच्या बाजूने काढलेले. ट्रॅक्टर बघायचा असतो मागून. त्याने आयुष्यभर काय ओढलं, ते मागच्या बाजूला लिहिलेलं असतं.

पावणेतीन एकराला स्वतःचा ट्रॅक्टर परवडतो का? नुसता हिशेब केला तर नाही परवडत. तासावर भाड्याने घेतलेला स्वस्तच पडतो. पण जूनमध्ये दोन पाऊस होऊन वाफसा आला, की गावातला ट्रॅक्टरवाला आधी दहा एकरवाल्याकडे जातो. रविवारी दुपारी तुमच्या एकरभरासाठी येणार नाही. हौशी शेतकऱ्याने ट्रॅक्टर घ्यायचं खरं कारण हे, आणि ते मला पटतं. तरीही उन्हाळी नांगरट मोठ्या ट्रॅक्टरकडून भाड्यानेच करून घ्या. मिनीला पलटी नांगर लावून माळ फोडायला गेलात, तर दोन हंगामांत क्लच बदलाल. रोटर (रोटाव्हेटर), फणपाळी, आंतरमशागत, फवारणी आणि शेणखताच्या लहान ट्रॉलीच्या फेऱ्या ही त्याची कामं.

आता जुन्या चाकरीबद्दल. आपल्या पुणे जिल्ह्यात विक्रीला येणारा मिनी ट्रॅक्टर साधारण तीनपैकी एका घरातून येतो.

पहिलं घर भाताचं : मुळशी, मावळ, भोर, वेल्हे. इथला ट्रॅक्टर वर्षातले थोडेच दिवस राबतो, पण ते दिवस चिखलणीचे असतात. लोखंडी केज व्हील लावून गुडघाभर चिखलात फिरल्यावर ऑइल सीलमधून गाळ पुढच्या हबमध्ये आणि ब्रेकमध्ये शिरतो. पुढचं चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. करकर आवाज आला, किंवा वर-खाली हलवून खेळ लागला, तर बेअरिंग गेलंय. मग गिअरबॉक्सची ऑइलपट्टी ओढून बघा. तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी आहे. ‘पावसाचं असेल’ असं मालक म्हणेल. पावसाचं असो नाहीतर खाचरातलं, गंज दोन्हीने सारखाच चढतो.

दुसरं घर बागेचं : जुन्नर-नारायणगावची द्राक्षं, पुरंदरचं अंजीर-सीताफळ. हा ट्रॅक्टर जड काहीच ओढत नाही. ब्लोअर (फवारणीचं यंत्र) घेऊन पीटीओवर, म्हणजे इंजिनच्या ताकदीने अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, तासन् तास फिरतो. त्यामुळे टायर आणि क्लच बऱ्या स्थितीत असतात. इंजिन आणि पीटीओ मात्र पुष्कळ चाललेले असतात. शिवाय मोरचूद आणि बाकीच्या औषधांनी पत्रा खाल्लेला असतो. मडगार्डच्या आतून हात फिरवा, बोनेटखालचं वायरिंग आणि बॅटरीची टोकं बघा. हिरवट बुरशीसारखा थर दिसेल. वायरिंग नवीन करता येतं. पीटीओ शाफ्टचे दाते झिजले असतील तर मात्र किंमत पाडून मागा. तिन्हींतून एक निवडायला सांगितलं, तर मी बागेतला निवडेन.

तिसरं घर वाहतुकीचं. मुरूम, खडी, विटा. अशा ट्रॅक्टरच्या ड्रॉबारचं, म्हणजे ट्रॉली जोडायच्या मागच्या पट्टीचं, भोक बघा. गोल असायला हवं ते अंड्यासारखं लांबट झालेलं असतं. ते दिसलं की पुढचं काही न बघता गाडीला किक मारून घरी या. ब्रेक, क्लच, गिअर सगळंच संपलेलं असणार, आणि ज्याने मिनीला क्षमतेबाहेरच्या ट्रॉल्या जोडल्या, त्याने ऑइल वेळेवर बदललं असेल यावर माझा विश्वास नाही.

तासांच्या मीटरवर फार भिस्त ठेवू नका. केबलवर चालणारं जुनं मीटर घड्याळाचे तास मोजत नाही, इंजिनचे फेरे मोजतं. ठरावीक वेगाला एक तास म्हणजे एक तास. कमी वेगात चाललेला ट्रॅक्टर प्रत्यक्षापेक्षा कमी तास दाखवतो. केबल तुटली की मीटर तिथेच थांबतं आणि ती जोडायची घाई कुणालाच नसते. त्यापेक्षा पायाखाली बघा. ब्रेकच्या पायट्यांवरचं रबर गुळगुळीत, सीट नवी आणि मीटरवर ९०० तास, हे गणित जमत नाही.

बघायला जाताना सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा, ‘मी येईपर्यंत चालू करू नका.’ पोहोचल्यावर चहाच्या आधी रेडिएटरवर हात ठेवा. गरम लागला तर मालकाला काहीतरी लपवायचं आहे. गार इंजिन आपल्या समोर चालू करायला लावा. सुरुवातीला थोडा पांढरा धूर येऊन विरला तर चिंता नाही. तो थांबेचना आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅसकेटची शंका घ्या. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, रिंग-पिस्टनचं काम निघणार. काळा धूर त्यातल्या त्यात बरा. एअर फिल्टर, नोझल किंवा पंप, यांवर बहुतेकदा निभावतं. मग इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण जपून उघडा. तिथून भकाभका धूर येत असेल, तर आपले मिस्त्री म्हणतात तसं इंजिन ‘बॅक मारतंय’. इंजिन बांधायचा खर्च धरूनच सौदा करायचा, नाहीतर नाही.

लिफ्ट (अवजार उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा) तपासताना मागे रोटर किंवा कल्टिवेटर जोडून उचला आणि इंजिन बंद करा. दहा मिनिटं मालकाशी पावसापाण्याच्या गप्पा मारा. तेवढ्यात अवजार टेकलं तर हायड्रॉलिकची सीलं गेली. हळूहळू थोडं खाली आलं तर जुन्या ट्रॅक्टरला तेवढं माफ. शेवटी लो गिअरमध्ये अवजार जमिनीत घालून शंभर फूट चालवा. ओढ पडल्यावर गिअर आपोआप सुटत असेल, तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. रिकाम्या ट्रॅक्टरची रस्त्यावरची फेरी यातलं काहीच दाखवत नाही.

आणि रंग. माझ्या एका नातेवाइकाने नव्या रंगाचा, चकचकीत मिनी घेतला. महिनाभराने रंगाखालून चेसिसला मारलेलं वेल्डिंग दिसायला लागलं. तेव्हापासून मी धुळीने माखलेला, तेल पाझरलेला ट्रॅक्टर आधी बघतो. निदान तेल कुठून गळतंय ते तरी दिसतं.

आता नावं. महिंद्रा युवराज २१५ आणि स्वराज ७१७ हे दोन्ही १५ अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे. हादरे बसतात, पण कुठलाही गावठी मिस्त्री उघडून बसवतो. मित्सुबिशी शक्ती एमटी १८० डी साडेअठरा अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा, चालायला मऊ. कुबोटा निओस्टार बी २४४१ हा २४ अश्वशक्तीचा, चारही चाकांना ओढ असलेला. खाचरात आणि चढावर त्याच्यासारखा नाही, पण जुना घेताना पुढचे टायर कंपनीच्याच मापाचे आहेत ना ते बघा. पुढच्या-मागच्या चाकांचं प्रमाण चुकलं की पुढचा ॲक्सल ताणला जातो. आयशर २४२ हा २५ अश्वशक्तीचा, हवेने थंड होणारा. रेडिएटरच नाही, त्यामुळे ती कटकट नाही, पण तो अंगाने मोठा आहे, बागेत शिरणारा नाही. एचएमटी २५११ दणकट, पण एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ मध्येच झाला. फोर्स मोटर्सनेही २०२४ मध्ये ट्रॅक्टर बनवणं थांबवलं. हे ट्रॅक्टर वाईट आहेत असं नाही, सुट्या भागांचा विचार करून घ्या एवढंच.

त्याची परीक्षा सोपी आहे. सौद्याआधी पिरंगुट-पौड भागातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जा आणि तीन वस्तू मागा : क्लच प्लेट, वॉटर पंप, लिफ्टचं सील किट. दुकानदाराने फळीवरून काढून दिल्या तर ट्रॅक्टर घ्या. ‘मागवून देतो, आठ दिवस लागतील’ म्हणाला, तर तुमचे चार रविवार गेलेच. एअर-कूल्ड आयशर असेल तर वॉटर पंपाऐवजी नोझल मागा, नाहीतर दुकानदार हसेल.

तुमच्या जमिनीला माझं उत्तर : १५ किंवा १८ अश्वशक्तीचा, बागेत वापरलेला मिनी. खाचरं लहान आणि बांधांनी तुटलेली असतील तर तेवढ्यासाठी पॉवर टिलर भाड्याने आणा. एका खाचरातून दुसऱ्यात मिनी उतरवताना बांध फुटतो आणि शेजाऱ्याशी वाद होतो, तो वेगळाच.

प्रश्न : सासवडजवळ दीड एकर अंजीर आणि सीताफळ. अमेरिकेतले लोक तीस-चाळीस वर्षांचे जुने जपानी यानमार, कुबोटा बागेत वापरताना व्हिडिओत दिसतात. तसला इथे मिळेल का?

उत्तर : तसल्याचा नाद सोडा. तिकडे असे अनेक ट्रॅक्टर जपानमध्ये वापरून झालेले, मागच्या दाराने आलेले असतात, आणि भागांसाठी तिथल्या लोकांनाही धावाधाव करावी लागते. त्याच जपानी वळणाचा इथला भाऊ म्हणजे मित्सुबिशी शक्ती. तो बनवणारी व्हीएसटी कंपनी १९६७ मध्ये मित्सुबिशीच्या सहकार्याने सुरू झाली. तुमच्या बागेत रुंदीपेक्षा उंची नडेल. झाडं पंधरा फुटांवर असली तरी अंजिराच्या फांद्या सीटच्या पातळीला येतात. उभा सायलेन्सर असलेला ट्रॅक्टर घेऊ नका, खाली वळवलेला बघा. जाण्याआधी बागेतली सगळ्यात खालची फांदी टेपने मोजून न्या.

प्रश्न : जुन्या ट्रॅक्टरला अनुदान मिळतं का? कागदपत्रं कोणती?

उत्तर : नाही मिळत. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून कृषी यांत्रिकीकरणाचं अनुदान मिळतं ते नव्या यंत्राला. नव्याचा विचार असेल तर डिसेंबरात मोशीच्या किसान प्रदर्शनात सगळे मिनी शेजारी-शेजारी उभे बघता येतात.

कागदांत आधी आरसी बुक घ्या आणि त्यावरचा चासी व इंजिन नंबर स्वतः जुळवून बघा. आरसीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल, तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि नमुना ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ‘कर्ज कधीच फिटलंय, फक्त नाव काढायचं राहिलंय’ हे वाक्य मी फार ऐकलंय. नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. ट्रॅक्टर दुसऱ्या आरटीओ कार्यालयाचा असेल, म्हणजे समजा नाशिकचा एमएच-१५ आणि तुमचं पुणे एमएच-१२, तर नमुना २८ ची ना-हरकतही लागते. नोंदणी १५ वर्षांची असते. मुदत संपलेल्या ट्रॅक्टरचं नूतनीकरण विकणाऱ्याकडूनच करून घ्या. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, आणि ती विचारायला बहुतेक जण विसरतात.

प्रश्न (भोर तालुका, एक भगिनी) : आमची जमीन उताराची. यजमान आणि मुलगा जुना मिनी घ्यायचं म्हणतात, मला भीती वाटते.

उत्तर : ताई, भीती रास्त आहे. मिनी अंगाने अरुंद असतो, आडव्या उतारावर लवकर कलंडतो, आणि जुन्या मिनींना चालकाला वाचवणारी लोखंडी कमान बहुधा नसते. घरात चार गोष्टी ठरवून टाका. उतारावर आडवं चालवायचं नाही, वर-खाली चालवायचं. उतरताना क्लच दाबून गाडी सोडायची नाही, लो गिअरमध्येच उतरायचं. ओढायची वस्तू ड्रॉबारलाच बांधायची. टॉपलिंकला (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याला) किंवा ॲक्सलच्या वर दोर बांधला तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर पाठीवर पडतो आणि उडी मारायलाही वेळ मिळत नाही. आणि मडगार्डवर कुणालाही बसवायचं नाही, नातवंडाला तर नाहीच. सौदा करताना दोन्ही ब्रेकच्या पायट्या जोडणारी कडी जागेवर आहे का बघायला सांगा. रस्त्यावर ती लावलेली नसेल तर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर फिरतो. पीटीओ शाफ्टवरचं झाकण नसेल तर आधी ते बसवा, मगच ब्लोअर जोडा. फिरत्या शाफ्टमध्ये पदर किंवा पंचा सापडला तर तो सुटत नाही.

शेवटी ज्यांचा सौदा झालाच असेल त्यांच्यासाठी : पहिल्याच रविवारी रोटर लावू नका. इंजिन ऑइल, डिझेल आणि ऑइल फिल्टर, गिअरबॉक्सचं तेल, रेडिएटरचं पाणी सगळं बदला, ग्रीस भरा आणि फॅन बेल्ट बघा. मालकाने ‘परवाच केलंय’ म्हटलं असलं तरी बदला. मग शेडच्या भिंतीवर खडूने तारीख आणि मीटरचा आकडा लिहा. पुढचं ऑइल कधी, ते तिथूनच मोजायचं.