इन्व्हर्टरची जुनी बॅटरी दारावरच्या भंगारवाल्याला द्यावी का? (बडोदा)

देऊ नका. नवी बॅटरी घेताना दुकानदारालाच द्या, भंगारवाल्याकडून दोनतीनशे रुपये जास्त मिळाले तरी.

या बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो. शिसे ३२७ अंश सेल्सिअसलाच वितळते, म्हणून कुणीही कढई नि कोळशावर उघड्यावर ते गाळू शकतो, आणि खरी गोम तिथेच आहे. आतले ॲसिड गटारात ओतले जाते, धूर आणि बारीक धूळ आसपासच्या मातीत बसते. मुलांच्या पोटात हे शिसे गेले तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि झालेले नुकसान भरून येत नाही. गंमत म्हणजे हेच शिसे नीट कारखान्यात गाळले तर पुन्हापुन्हा वापरता येते, गुण कमी होत नाहीत. नवीन बॅटरीतही बरेचसे जुनेच शिसे असते.

२०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि ती इतर कचऱ्यात न टाकण्याची आपल्यावर. बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह असते, ते याचसाठी.

आम्ही दांडिया बाजारात राहतो. गेल्या दिवाळीआधी नवी घेताना दुकानदाराने जुनीचे पैसे बिलातच वळते केले, माणूस येऊन उचलूनही घेऊन गेला. बिलावर जुनी बॅटरी जमा केल्याची नोंद मात्र मागून घ्या, सहसा आपणहून लिहीत नाहीत. आणि ॲसिड स्वतः ओतून वजन कमी करायला जाऊ नका, आमच्या काकांनी तो प्रयोग केलाय, बाल्कनीच्या फरशीवर डाग अजून आहे.