खुब्यात रॉड टाकलाय, आता आईला उभं करायचं की नाही?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझी आई ८१ वर्षांची आहे. कूलरमध्ये पाणी भरताना पाईप सुटला, फरशीवर पाणी झालं आणि ती घसरून पडली. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून आत रॉड टाकला. डॉक्टर त्याला ‘पीएफएन’ म्हणाले. घरी आणून तीन आठवडे होत आले. सुट्टीच्या कागदावर ‘वॉकरने चालवा’ असं लिहिलं आहे, पण माझा मोठा भाऊ आणि अमरावतीचे मामा म्हणतात, हाड जुळेपर्यंत तीन महिने तिला पलंगावरून उतरू द्यायचं नाही. आईलाही फार भीती वाटते. शेजारच्या काकूंचा खुब्याचा बॉल बदलला होता, त्या चार दिवसांत चालायला लागल्या. मग आईचा का नाही बदलला? ऑपरेशनचा निर्णय माझा होता, त्यामुळे सगळे मलाच बोलतात. आणि हा रॉड पुढे काढावा लागतो का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला, कारण अंक हातात येईपर्यंत आई आणखी काही आठवडे झोपून राहिली असती. तेव्हा बोललो तेच इथे सविस्तर लिहिते. भाऊ आणि मामा दोघांनाही वाचायला द्या.

आईला उभं करा. ज्या सर्जननी ऑपरेशन केलं त्यांनी हाड डोळ्यांनी पाहिलंय. त्यांनी ‘चालवा’ लिहिलंय, म्हणजे त्यांचा त्या जोडणीवर भरवसा आहे. मनात शंका असेल तर त्यांनाच एक फोन करा. त्यांचा शब्द माझ्यापेक्षा आणि मामांपेक्षा वरचा.

मामांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. आईचं हाड जिथे मोडलं, तो मांडीच्या हाडाचा वरचा, रुंद भाग. तिथे रक्तपुरवठा भरपूर असतो आणि हाड बहुधा जुळतंच. पूर्वी पायाला वजन लावून म्हाताऱ्या माणसांना दहा-बारा आठवडे पलंगावर ठेवायचे, तेव्हाही जुळायचं. पण तेवढ्या काळात पाठीला जखमा व्हायच्या, छातीत कफ साचून न्यूमोनिया व्हायचा, लघवीत जंतुसंसर्ग व्हायचा, पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या. हाड जुळायचं आणि माणूस हातून जायचा. हे सगळं टळावं, आईला लगेच पलंगावरून उठता यावं, म्हणूनच तर तुम्ही ८१व्या वर्षी तिला ऑपरेशन टेबलवर नेलं. तो निर्णय बरोबर होता. आता रॉड आत असून तिला झोपवून ठेवलं तर ऑपरेशनचा धोका तेवढा पत्करला आणि फायदा सोडून दिला, असं होईल.

रॉड काय करतो तेही सांगते. मांडीचं हाड आतून पोकळ असतं. १९३९मध्ये जर्मनीतल्या कील शहरात गेरहार्ड क्युंचर या सर्जननी त्या पोकळीत धातूचा खिळा घालून मोडलेलं हाड आतून धरायची पद्धत सुरू केली. आजचा खिळा, म्हणजे आईचा रॉड, त्याच कुळातला. खुब्याच्या वर छोटा छेद घेऊन, सी-आर्म या एक्सरे यंत्राच्या पडद्यावर बघत तो पोकळीत उतरवतात. मग त्यातून एक जाड स्क्रू किंवा पातं तिरकं वर, हाडाच्या गोळ्यात (तुम्ही म्हणता तो बॉल) जातं आणि खाली एक बोल्ट बसतो. बाहेरून लावलेली पट्टी म्हणजे भिंतीला दिलेला टेकू, आणि हा आतला खांब. शरीराचं वजन त्याच्या जवळून खाली उतरतं, म्हणून तो पायावर पडणारा भार चांगला सोसतो. वरचा स्क्रू खिळ्यातून थोडा सरकू शकतो. आई पाय टेकेल तशी हाडाची दोन टोकं एकमेकांवर दाबली जातात, आणि जुळायला ते हवंच असतं. त्यात पाय किंचित आखूड झाला तर घाबरू नका.

तुमच्याकडचा ऑपरेशननंतरचा एक्सरे खिडकीच्या उजेडात धरून बघा. तिरका स्क्रू गोळ्याच्या मधोमध गेलेला आणि त्याचं टोक गोळ्याच्या शिखराजवळ पोहोचलेलं दिसायला हवं. समोरच्या आणि बाजूच्या, अशा दोन्ही फोटोंत गोळ्याच्या शिखरापासून हे अंतर मोजून बेरीज २५ मिलिमीटरच्या आत असली, की स्क्रू हाड फाडून बाहेर येण्याची भीती कमी, असं बाउमगार्टनर या हाडांच्या सर्जननी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५मध्ये दाखवलं. मोजायचं काम सर्जनचं. पण पुढच्या भेटीत ‘टोकाचं अंतर किती आहे?’ असं जरूर विचारा. चांगल्या सर्जनला हा प्रश्न आवडतो.

काकूंचं हाड बहुतेक मांडीच्या हाडाच्या मानेत मोडलं असणार, गोळ्याच्या लगेच खाली. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या त्या मानेवरूनच जातात. हाड सरकलं की त्या तुटतात आणि गोळा मरू शकतो. म्हणून त्या वयात तो बदलतात. आईचा गोळा जिवंत आहे, मग बदलायचा कशाला?

आता उभं कसं करायचं ते. आधी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून पाच मिनिटं बसवा. ऑपरेशननंतर रक्त कमी झालेलं असतं, एकदम उठवलं की चक्कर येते. वॉकरची मूठ, हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाच्या रेषेत यायला हवी. बऱ्याच घरांत तो उंच ठेवलेला असतो आणि आजी खांदे वर करून चालतात. क्रम असा : आधी वॉकर पुढे, मग उजवा म्हणजे ऑपरेशनचा पाय, मग डावा. तुम्ही उजव्या बाजूला, जरा मागे उभे राहा. काखेत हात घालून उचलू नका. पहिल्या दिवशी दारापर्यंत गेली तरी खूप झालं, पण दिवसातून तीन-चारदा न्या. दुखेल. वेदनेची गोळी अर्धा तास आधी द्या. खाली मांडी घालून बसणं आणि देशी संडास एक्सरेत हाड जुळल्यावरच. तोवर कमोडची खुर्ची आणा.

चालता चालता जांघेतलं दुखणं दिवसेंदिवस वाढलं, पाय एकदम आखूड झाला, जखमेतून पाणी आलं, पोटरी सुजली किंवा धाप लागली, तर मात्र तडक डॉक्टरांकडे जा.

रॉड सहसा काढत नाहीत. त्रास दिला तरच. तो आयुष्यभर आत राहिला तरी चालतो.

आणि एक गोष्ट, जी घरात कुणाच्या लक्षात येत नाही. साध्या घसरण्यानं खुबा मोडला, म्हणजे आईची हाडं ठिसूळ आहेत. दुसरा खुबा मोडण्याचा धोका आजच उभा आहे. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि किडनीची रक्ततपासणी करून घ्या. मग वर्षातून एकदा शिरेतून देतात त्या, हाडं बळकट करणाऱ्या झोलेड्रॉनिक आम्लाच्या इंजेक्शनबद्दल विचारा. आपल्या नागपुरात ऊन इतकं असून म्हाताऱ्या बायका दुपारभर अंधाऱ्या खोलीत असतात, त्यामुळे ड जीवनसत्त्व कमीच निघतं. जेवणात नुसती पेज आणि पातळ वरण चालणार नाही. अंडी, पनीर, दही, घट्ट वरण असं रोज पोटात गेलं पाहिजे.

प्रश्न : आमच्या नात्यातल्या एका आजोबांचं खुब्याचं ऑपरेशन रक्त पातळ करायच्या गोळीमुळे पाच दिवस थांबवलं. माझे वडील ७९ वर्षांचे, क्लोपिडोग्रेल घेतात. अशी वेळ आली तर किती थांबायचं?
– एक वाचक, सक्करदरा

उत्तर : शक्यतो दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन व्हावं. ४८ तासांच्या पुढे उशीर होईल तसे त्रास वाढतात. अ‍ॅस्पिरिनसाठी थांबत नाहीत. क्लोपिडोग्रेलमुळे पाठीत इंजेक्शन देऊन भूल देणं धोक्याचं होतं, पण पूर्ण भूल देऊन ऑपरेशन करता येतं. ‘यासाठी थांबायलाच हवं का?’ हे भूलतज्ज्ञांना थेट विचारा. छातीत पाणी साचलं असेल, ठोके फार वेगाने पडत असतील, सोडियम खूप खाली गेलं असेल, तर ते आधी सुधारावंच लागतं. नुसता इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) नंबर उद्या लागणार आहे म्हणून थांबणं मला पटत नाही.

मालिशवाल्याकडे नेऊ नका, पाय ओढून सरळ करू नका, उशी देऊन आहे तसाच ठेवा. दवाखान्यात पोहोचल्याबरोबर जांघेत नस सुन्न करायचं इंजेक्शन मागा, त्यानं दुखणं खूप कमी होतं. आणि वडिलांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, शेवटची गोळी व शेवटचं जेवण किती वाजता झालं ते कागदावर लिहून, सोबत न्या.