घनाकृती काढताना कडा चुकतायत? आधी हे करून बघ

अरे, तू इष्टिकाचिती (खोक्याचा आकार) डायरेक्ट बाहेरच्या रेषांनी काढतोयस ना, म्हणूनच मागच्या कडा गायब होतात आणि मोजताना ९च भरतात. आधी पुढचा आयत काढ, मग तेवढाच दुसरा आयत थोडा वर-उजवीकडे सरकवून काढ आणि दोन्ही आयतांचे जुळणारे कोपरे जोड, त्या चारही तिरक्या रेषा समांतर आणि सारख्या लांबीच्या आल्या पाहिजेत, नाहीतर खोका वाकडा दिसतो. मागे लपलेल्या तीन कडा तुटक रेषेने दाखव, त्या सोडायच्या नाहीत. मोजताना गट करून मोज, पुढच्या ४, मागच्या ४, जोडणाऱ्या ४, झाल्या १२.

चौरस सूचीला (चौरस तळाचा पिरॅमिड) मात्र तळ समांतरभुज चौकोनासारखा काढायचा, कर्ण हलक्या पेन्सिलने काढून ते छेदतात त्याच्या बरोब्बर वर टोक घ्यायचं. पृष्ठे ५, कडा ८, शिरोबिंदू (म्हणजे कोपरे) ५.

आणि ऑयलरचं सूत्र चेक करायला वापरच, पृष्ठे अधिक शिरोबिंदू म्हणजे कडा अधिक २. त्रिकोणी चितीत (त्रिकोणी तळाचा प्रिझम) ५ + ६ = ९ + २, जुळलं. मला हे सूत्र फार आवडतं, परीक्षेत चूक तिथल्या तिथे सापडते. फक्त शंकू आणि वृत्तचितीला (गोल डब्याचा आकार) ते लावत बसू नकोस, तिथे वक्रपृष्ठ असतं.

तरी चित्रावरून कळत नसेल तर टूथपेस्टचा खोका घे, प्रत्येक पृष्ठाला वेगळा रंग दे, कडांवर नंबर टाक, आणि तो समोर ठेवूनच काढ.