सोल्डरिंग आयर्न कपाटातून बाहेर काढा

इंदूरच्या लोकमान्यनगरमधून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी सीबीएसईच्या बारावीत, पीसीएम. दहावीला 91 टक्के, आता प्री-बोर्डला फिजिक्स 68 आणि मॅथ्स 74. सरकार मूलभूत विज्ञानात आणि विशेषतः कणभौतिकीत पैसा ओतणार आहे, म्हणून तिने एक वर्ष ड्रॉप घेऊन आयसरची (मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थांची) तयारी करावी, तिथून कणभौतिकीत पीएचडी आणि मग सर्न, म्हणजे जिनिव्हाजवळची युरोपची कणभौतिकी प्रयोगशाळा, असं त्यांनी ठरवलं आहे. मुलीला इलेक्ट्रॉनिक्सचं "खूळ" आहे. परीक्षेपर्यंत तिचं सोल्डरिंग आयर्न त्यांनी कपाटात कुलूपबंद केलं आहे. त्यांचा प्रश्न: कोणतं आयसर चांगलं?

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र साडेतीन पानांचं आहे. त्यातली तीन पानं सरकारच्या खर्चाची: लायगो-इंडियाला मिळालेले 2,600 कोटी, सर्नचं सहयोगी सदस्यत्व, मेगा सायन्स व्हिजन 2035. कात्रणं तुम्ही नीट जमवली आहेत. मुलीबद्दल मात्र सात-आठ ओळी आहेत आणि त्यातली शेवटची अशी: "ती काही बोलत नाही, पण समजूतदार आहे, ऐकेल."

मला 68 गुणांची काळजी वाटत नाही, या ओळीची वाटते. आपल्या पुढच्या पंधरा वर्षांचा निर्णय घरात होत असताना सतरा वर्षांची मुलगी गप्प बसते, त्याला समजूतदारपणा म्हणू नका. बोलून उपयोग नाही असं तिला वाटू लागलं असेल, तर ती गप्पच बसणार. तिने आयसरला नाही म्हटलंय का? हो म्हटलंय का? पत्रात दोन्ही नाही. तिला विचारल्याचाच उल्लेख नाही. मारूनमुटकून बसवलेली मुलं पहिल्या वर्षी वर्गात बसतातही. पण प्रयोगशाळेत एखादं उपकरण तीन आठवडे चालत नाही, तेव्हा टिकून राहायला लागते ती ओढ कुणाच्या आज्ञेतून येत नाही. संशोधनाचा बराचसा काळ असंच न चालणारं उपकरण चालवण्यात जातो.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे. जुन्या स्टीरिओच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तिने तीनदा आउटपुट ट्रान्झिस्टर जाळले, दर वेळी महाराणी रोडवरून नवे आणले, आणि चौथ्या वेळी "बल्ब लावून कसंतरी" चालवलं, असं तुम्ही लिहिता. ते कसंतरी नव्हे, साहेब. मेनच्या लाईनमध्ये 60 किंवा 100 वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सगळा ताण स्वतःवर घेतो, ट्रान्झिस्टर वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. पहिले तीन का जळले असतील? बहुधा बायसचा करंट जास्त होता, किंवा हीटसिंकवरची अभ्रकाची चकती फाटलेली होती, किंवा ड्रायव्हरचा एखादा रेझिस्टर आतून तुटला होता आणि ते न बघताच नवा ट्रान्झिस्टर बसवला गेला. तीनदा चुकल्यावर तिने पार्ट बदलणं थांबवलं आणि तपासायची पद्धत बदलली. प्री-बोर्डच्या पेपरात याला गुण नसतात. मोठ्या यंत्राच्या कंट्रोल रूममध्ये मात्र अशीच माणसं हवी असतात. (मेनवर काम करताना घरात दुसरं माणूस जागं हवं, आणि हात घालण्याआधी मोठे कपॅसिटर डिस्चार्ज करायचे, एवढी अट जरूर घाला.)

आता तुमच्या मुख्य समजुतीकडे वळतो: सरकारचा प्राधान्यक्रम बघून क्षेत्र निवडावं. ही समजूत चुकीची आहे आणि चूक हिशोबातच आहे. बारावीनंतर पाच वर्षं बीएस-एमएस, पाच ते सहा वर्षं पीएचडी, मग दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन-जागा) धरले तर चार ते सहा वर्षं. कायम नोकरीच्या दारात ती उभी राहील तेव्हा तिशी ओलांडून गेलेली असेल. आजचं अंदाजपत्रक त्या दिवसाबद्दल काहीच सांगत नाही. अमेरिकेने टेक्सासमध्ये 87 किलोमीटर घेराचं सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर हे कणांची टक्कर घडवणारं यंत्र हाती घेतलं. वीस किलोमीटरहून जास्त बोगदा खणून झाला, सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च झाले आणि ऑक्टोबर 1993 मध्ये त्यांच्या संसदेने प्रकल्प बंद केला. हे जुनं वाटत असेल तर ताजं बघा. डिसेंबर 2023 मध्ये तिथल्या पी-फाइव्ह या कणभौतिकीच्या सल्लागार समितीने नव्या मोठ्या प्रकल्पांची क्रमवार यादी दिली, पहिल्या क्रमांकावर सीएमबी-एस-फोर, म्हणजे विश्वाच्या आरंभापासून उरलेला प्रकाश मोजणाऱ्या दुर्बिणी. 2024 मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या सोयी जुन्या झाल्याचं कारण देऊन एनएसएफने (तिथल्या विज्ञानाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेने) त्याला पुढच्या टप्प्यात नेलं नाही, आणि 2025 मध्ये एनएसएफ आणि ऊर्जा विभाग दोघांनीही हात काढून घेतला. यादीत पहिला नंबर, आणि दोन वर्षांत ही गत. आपल्याकडे भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी 2015 मध्ये मान्यता दिली. तामिळनाडूत तेनीजवळच्या डोंगरात बोगदा खणायचा होता, आत 50 हजार टन चुंबकित लोखंडाचा डिटेक्टर बसायचा होता. पर्यावरणाच्या परवानग्या, न्यायालय आणि स्थानिकांचा विरोध यांत तो अडकून पडला. ज्यांनी 2015 मध्ये त्या भरवशावर पीएचडी धरली, त्यांतल्या अनेकांना विषय बदलावे लागले किंवा बाहेरच्या प्रयोगांत जावं लागलं.

शिवाय मोठ्या प्रकल्पाची रक्कम म्हणजे तितक्या नोकऱ्या नव्हेत. पैसा सिव्हिल कामात, व्हॅक्युम पाइपमध्ये, मॅग्नेटमध्ये, क्रायोजेनिक्समध्ये जातो. प्राध्यापकांच्या जागा त्याच प्रमाणात वाढत नाहीत. आणि हिंगोली जिल्ह्यातलं लायगो गुरुत्वीय लहरींसाठी आहे, ते कणभौतिकीच्या खात्यात धरू नका. त्याचीही तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी 2016 ची, अंतिम मंजुरी एप्रिल 2023 ची. मधली सात वर्षं कुणाच्या तरी करिअरची होती.

सर्नबद्दलही थोडं. 2017 पासून भारत सहयोगी सदस्य असल्याने आपल्या नागरिकांना तिथल्या मर्यादित मुदतीच्या जागांसाठी अर्ज करता येतो, आपल्या कंपन्यांना टेंडर भरता येतात. हे खरं आहे. पण तिथे जे हजारो शास्त्रज्ञ काम करतात, त्यांतल्या बहुतेकांचा पगार त्यांच्या त्यांच्या देशातली संस्था देते. सर्नच्या स्वतःच्या नोकरवर्गात इंजिनिअर आणि तंत्रज्ञ बहुसंख्य आहेत, संशोधक भौतिकशास्त्रज्ञ अगदी थोडे. तुमच्या मनातलं "सर्नमध्ये शास्त्रज्ञ" हे पद जवळपास नाहीच म्हणा.

तुम्ही रोज कॅट रोडने जाता असं लिहिलंय. त्या कुंपणाच्या आत, आरआरकॅट या अणुऊर्जा विभागाच्या संशोधन केंद्रात, इंडस-2 हे अडीच अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचं वर्तुळाकार यंत्र आहे, परीघ 172 मीटरच्या आसपास. तिथे कणांची टक्कर होत नाही. फिरणारे इलेक्ट्रॉन वळताना जे क्ष-किरण सोडतात, ते रसायन, धातू, प्रथिनं तपासायला वापरतात. हे इलेक्ट्रॉन दर फेरीत थोडी ऊर्जा गमावतात, ती 505.8 मेगाहर्ट्झच्या आरएफ (रेडिओ लहरींच्या) शक्तीने भरून द्यावी लागते. आधी त्यासाठी क्लायस्ट्रॉन नावाच्या मोठ्या, आयात केलेल्या व्हॅक्युम ट्यूब होत्या. एक ट्यूब गेली की त्या कॅव्हिटीची (इलेक्ट्रॉनना ऊर्जा देणाऱ्या धातूच्या पोकळ कक्षाची) सगळी शक्ती जायची, आणि बदली ट्यूब मिळणं कठीण. आरआरकॅटच्या लोकांनी त्यांच्या जागी ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प्लिफायर उभे केले. काहीशे वॅटचे खूप सारे मॉड्यूल, त्यांची शक्ती कंबायनरने एकत्र केलेली. दोन-चार मॉड्यूल जळले तरी यंत्र चालू राहतं, आणि ते बदलून दुरुस्त करता येतात. अमेरिकेतल्या फर्मीलॅब प्रयोगशाळेच्या पिप-टू या नव्या प्रवेगकासाठी (कणांना वेग देणाऱ्या यंत्रासाठी) भारत जे साहित्य देणार आहे, त्यातही 650 मेगाहर्ट्झच्या अतिवाहक कॅव्हिटी आणि असेच अ‍ॅम्प्लिफायर आहेत. सर्नच्या 27 किलोमीटरच्या बोगद्यात तीस टनांहून जड मॅग्नेट ज्या जॅकवर उभे आहेत आणि मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शापर्यंत नेमके बसवता येतात, ते हजारो जॅकही भारतातूनच गेले, आणि त्या कामाची सूत्रं याच इंदुरातून हलली.

म्हणजे कणभौतिकीला भारताकडून जे मिळालं, त्यातला मोठा वाटा तुमच्या मुलीच्या "खुळा"च्या जातीचा आहे. पण हे वाचून आता "मग आरआरकॅटच" असं नवं फर्मान काढू नका, ही मनापासून विनंती. तिला ऑडिओत रस असेल, मेडिकल उपकरणांत असेल, किंवा अजून काहीच ठरलं नसेल. सतरा वर्षांच्या मुलीचं ठरलेलं नसणं अगदी ठीक आहे.

परीक्षांचं थोडक्यात. आयसरसाठी आयएटी, नायसर या भुवनेश्वरच्या तशाच संस्थेसाठी नेस्ट, आयआयटीसाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्ड. आयएटीच्या 60 प्रश्नांत 15 बायॉलॉजीचे असतात, आणि तिने दहावीनंतर बायॉलॉजी सोडलं आहे. 240 पैकी 60 गुण तिथेच अडतात, तेव्हा भंवरकुआंच्या क्लासची फी भरण्याआधी हे लक्षात घ्या. ड्रॉप मी सुचवणार नाही. जो विषय तिने मागितला नाही त्यासाठी वर्ष देणं मला मान्य नाही. यंदा जेईई मेन द्यावी. त्या रँकवर राज्याच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या (डीटीई) काउन्सिलिंगमधून इंदूरचं इंजिनिअरिंग कॉलेज एसजीएसआयटीएस किंवा देवी अहिल्या विद्यापीठाच्या आयईटीत इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन बघता येईल. मुदतीच्या आत नोंदणी आणि चॉईस फिलिंग, यांत उशीर झाला की चांगली रँकही वाया जाते. दोन्ही कॉलेजं घरापासून लांब नाहीत. पुढे तिला यंत्रांकडे वळावंसं वाटलंच, तर बीईला 60 टक्के आणि गेट या इंजिनिअरिंगनंतरच्या परीक्षेचा चांगला स्कोअर यांवर अणुऊर्जा विभागाच्या ट्रेनिंग स्कूलचं दार उघडतं. एक वर्षाचं प्रशिक्षण, त्या काळात मानधन, नंतर विभागातच शास्त्रीय अधिकारी. आणि खरंच भौतिकशास्त्रच करायचं म्हणाली, तर बीएस्सीनंतर जॅम ही एमएस्सीची प्रवेशपरीक्षा देऊनही जाता येतं. आज काही कायमचं बंद होत नाही.

या आठवड्यात एवढं करा. कपाटाचं कुलूप काढा आणि आयर्न तिच्या हातात द्या, रोज संध्याकाळी एक तास, बोर्डाचा अभ्यास सांभाळून. मॅथ्सचे गेलेले गुण कुठे गेले ते तिच्याबरोबर बसून पेपर बघून शोधा: कॅल्क्युलसमध्ये की वेळ न पुरल्याने, दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. त्या अ‍ॅम्प्लिफायरवर एक गाणं लावायला सांगा आणि चौथ्या वेळी तिने काय वेगळं केलं ते विचारा. मधे बोलू नका. आयसरचं नाव काढू नका.

मला पुढचं पत्र तिचं हवं आहे. तुम्ही वाचून न पाठवलेलं. चार ओळी पुरेत: काय दुरुस्त केलं, काय अजून जमत नाही, आणि तिला काय शिकावंसं वाटतं. कोणत्या कॉलेजबद्दल बोलायचं ते मी तिच्याशी बोलेन.