फाउंड्रीत पूर्णवेळ नोकरी करताना सीएफए लेव्हल वनचा अभ्यास कसा बसवावा?

तुम्ही कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत अकाउंट्सला आहात, सुट्टी सोमवारची, आणि रोज दोन तासांचं टाइमटेबल दर वेळी पंधरा दिवसांत कोलमडतं, असं लिहिलंय. मी उद्यमनगरात अकाउंट्स सांभाळत सीएफएची, म्हणजे गुंतवणूक विश्लेषकांच्या परीक्षेची, हीच पहिली लेव्हल दिली, म्हणून ठामपणे सांगतो: टाइमटेबल रिटर्नच्या तारखा बघून आखा.

७ ला टीडीएस (कापलेला टॅक्स) भरायचा, ११ ला जीएसटीआर-वन (विक्रीचं जीएसटी रिटर्न), २० ला थ्रीबी (महिन्याचं एकूण जीएसटी रिटर्न). त्याआधीचा एकेक दिवस अभ्यासातून आधीच वगळून टाका. रोजचा नाही, आठवड्याचा हिशोब धरा. सीएफए इन्स्टिट्यूट साधारण ३०० तास सांगते, म्हणजे सहा महिन्यांत आठवड्याला साडेअकरा-बारा तास. मोकळ्या आठवड्यात सहा दिवस पहाटे दीड तास आणि सोमवारी पाच तास बसलात की चौदा होतात. रिटर्नच्या आठवड्यातली तूट त्यातून भरून निघते. रात्री दमून आल्यावर नवीन काही डोक्यात शिरत नाही. फक्त उद्याचं पान काढून ठेवा आणि झोपा.

परीक्षा फेब्रुवारीचीच घ्या. मे घेतलीत तर मार्चएंड आणि क्लोजिंग ऐन तयारीत येतं, नोव्हेंबरला टॅक्स ऑडिट आडवं येतं. ऑगस्टला सुरुवात केलीत तर गणपती आणि ऑडिटमुळे सप्टेंबर जड जाईल हे खरं, पण दिवाळीनंतरचे महिने हाताशी राहतात.

अकाउंट्स येतं म्हणून फायनान्शियल स्टेटमेंट अ‍ॅनालिसिस शेवटी ढकलू नका. तिथे हिशोबाचे आंतरराष्ट्रीय नियम (आयएफआरएस) आणि अमेरिकेतले नियम (यूएस गॅप) शेजारी शेजारी येतात. लिफो, म्हणजे शेवटी आलेला माल आधी खपला असं धरणं, आपल्याकडे चालत नाही, यूएस गॅपमध्ये चालतो. भाव चढत असताना त्याने नफा कमी दिसतो, टॅक्स कमी बसतो आणि साठा जुन्या भावाने पडून राहतो. नुसती एंट्री येऊन भागत नाही, हा परिणाम चटकन सांगता यायला हवा. एथिक्सला १५ ते २० टक्के वजन आहे. ते शेवटच्या महिन्यात पुन्हा वाचाच.

शेवटचे चार-पाच सोमवार पूर्ण मॉकला द्या: १८० प्रश्न, सव्वादोन तासांची दोन सत्रं, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न कोरा सोडू नका.

आणि साहेबांना परीक्षेची तारीख आत्ताच सांगून ठेवा. ३१ जानेवारीचं टीडीएस रिटर्न आठवडाभर आधी उरकून दिलंत, तर रजा मागताना अडचण येणार नाही.