चुका वाढल्या म्हणजे फिनिश बिघडली का?

प्रश्न (एस्पो) : दीड वर्ष फिनिश भाषा शिकतेय. आधी परिच्छेद बिनचूक यायचे, आता वही लाल होऊन परत येते. मी मागे चाललेय का?

उत्तर : मुळीच नाही. तेव्हा तुम्ही 'तालो ओन इसो', म्हणजे 'घर मोठं आहे', एवढंच लिहीत होतात. त्यात चुकायला जागाच नव्हती. शिकणारा आधी 'आसुन हेल्सिंकी' ('राहतो हेल्सिंकी') लिहितो, मग 'हेल्सिंकिस्सॅ', आणि कधीतरी 'हेल्सिंगिस्सॅ'. मधला शब्द चूकच; पण त्यात 'स्सॅ', म्हणजे आपला 'त', आलाय. तोही स्वरमेळ (शब्दातल्या स्वरांप्रमाणे प्रत्ययाचा स्वर बदलणं) सांभाळून, कारण 'तालो'ला लागतो 'स्सा'. आता फक्त 'क'चा 'ग' व्हायचा राहिलाय. लहान मूल 'रस्तावर' म्हणतं तेव्हा आपण घाबरतो का? प्रत्यय आलाय, सामान्यरूप येईल. लाल खुणा मोजू नका. पहिल्या महिन्याचं पान शेजारी ठेवा आणि तेव्हा न जमणारं आज काय लिहिता, ते बघा. माझ्या विद्यार्थ्यांना मी जुनी पानं टाकूच देत नाही.

प्रश्न (पुणे) : कर्माचं रूप काही केल्या बसत नाही.

उत्तर : ते सगळ्यांनाच उशिरा बसतं. 'लुइन किर्यान' म्हणजे पुस्तक वाचून काढलं. 'लुइन किर्याऽ' म्हणजे वाचत होतो. नकार आला की कर्म पार्टिटिव्हमध्येच, म्हणजे या 'किर्याऽ'सारख्या रूपात. आणि क्रियापद एकटं पाठ करू नका. 'आवडणे'साठीच्या 'पितॅऽ'ला 'स्ता' लागतो, म्हणून 'पिदॅन काह्विस्ता', शब्दशः 'कॉफीतून'. जोडीनंच पाठ करा.

प्रश्न (तांपेरे) : बोलतो तसं 'मॅ ओऽन' ('मी आहे') लिहिलं तर चालेल?

उत्तर : मित्राच्या मेसेजमध्ये खुशाल. घरमालकाला किंवा कार्यालयाला लिहिताना 'मिनॅ ओलेन'. यूकी या फिनलंडच्या राष्ट्रीय भाषा-परीक्षेतही कुणाला लिहिताय ते आधी बघा.

प्रश्न (एस्पो) : व्याकरण बरं आहे, पण वाक्यं पोरकट वाटतात.

उत्तर : इथे मराठी तुमच्या बाजूनं उभी आहे. इंग्रजीच्या सवयीनं आपण 'मिएस, योका तुली एइलेन' लिहितो: माणूस, जो काल आला. लेखी फिनिशमध्ये 'एइलेन तुल्लुत मिएस'ही सहज चालतं. काल आलेला माणूस! शब्दांचा क्रमसुद्धा तोच. पुढच्या परिच्छेदातला एक 'योका' काढा आणि ते वाक्य आधी मराठीत म्हणून बघा.